छडी आणि नाद : वाद्यवृंदसंचालकाच्या विनोदी चित्रणाविषयी

पाश्चात्त्य वाद्यवृंदात ऐंशी-शंभर माणसे एकत्र बसलेली असतात व त्यांपैकी प्रत्येकाच्या हाती नाद निर्माण करण्याचे काही ना काही साधन असते. याला अपवाद एकाच व्यक्तीचा. ही व्यक्ती सर्वांच्या पुढे, उंच चौथऱ्यावर, श्रोत्यांकडे पाठ करून उभी असते. तिच्या हाती एक बारीक छडी असते आणि त्या छडीतून कसलाही आवाज निघत नाही. तथापि कार्यक्रमपत्रिकेवर ठळक नाव तिचे, टाळ्यांचा पहिला मान तिचा, आणि ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर छायाचित्रही बहुधा तिचेच. या विसंगतीत विनोदाला जागा आहे हे उघडच आहे. आणि व्यंगचित्रे, कार्टूनपट, विनोदी बोलपट व दूरचित्रवाणीवरील करमणुकीचे कार्यक्रम यांनी ती जागा मनसोक्त वापरलीही आहे. हा विनोद नेमका कशावर केला जातो, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घ्यावयाचा आहे.

प्रारंभी शब्दाविषयी एक खुलासा. ‘कंडक्टर’ हा शब्द मी येथे टाळला आहे, कारण मराठी वाचकाच्या मनात त्या शब्दाने तिकिटांची पेटी आणि घंटीची दोरी यांखेरीज दुसरे चित्र उभे राहणे कठीण. ‘संचालक’ या शब्दाने कंपन्यांच्या संचालक मंडळाची आठवण होते खरी, पण त्याला इलाज नाही. ‘छडी’ हा शब्द मात्र चांगलाच उपयोगी पडतो. तो आपल्याला सरळ शाळेच्या वर्गात नेऊन बसवतो आणि त्याच्याच शेजारी जादूगाराची ‘कांडी’ही उभी असते. पुढील विवेचनात या दोन शब्दांमधील जवळिकीचे प्रयोजन दिसून येईल.

वर विचारलेल्या प्रश्नाचे रूढ उत्तर असे की, हा विनोद सत्तेवरचा आहे. एलियास कानेटी यांनी जमाव आणि सत्ता यांविषयीच्या आपल्या १९६० सालच्या ग्रंथात वाद्यवृंदसंचालकाला सत्तेच्या अगदी उघड रूपांपैकी एक मानले आहे. तो एकटा उभा असतो, इतर सारे बसलेले असतात. कोणत्या वाद्याने बोलावे आणि कोणत्या वाद्याने गप्प राहावे, हे त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर ठरते. एकदा हे वर्णन मान्य केले की विनोदाची उपपत्ती आपोआप सिद्ध होते : छोट्या हुकूमशहाची टर उडविली जाते आणि सामान्य प्रेक्षक सुखावतो. ही उपपत्ती सर्वस्वी खोटी नाही. पण ती फार ढोबळ आहे. सेनापती, शाळामास्तर, न्यायाधीश हेही सत्ताधारीच आणि विनोदाचे नित्याचे विषयही. मग संचालकावरील विनोदाचे स्वतःचे असे वेगळेपण कोणते, हे या उपपत्तीतून कळत नाही.

सेनापतीची आज्ञा ऐकू येते आणि तिचे पालन दिसते. संचालकाच्या बाबतीत नेमके उलट घडते. त्याची आज्ञा दिसते आणि तिचे पालन ऐकू येते. डोळ्यांनी पाहिलेल्या हालचालीचा आणि कानांनी ऐकलेल्या नादाचा संबंध श्रोत्याने मनातल्या मनात जोडावयाचा असतो. तो संबंधही तंतोतंत नसतो. अनेक नामांकित वाद्यवृंदांत छडी खाली आल्यानंतर किंचित उशिराने सूर उमटतो, ही गोष्ट त्या व्यवसायातील लोकांना सुपरिचित आहे. हालचाल आणि नाद यांच्यामध्ये अशी एक बारीक फट असते व ती फट श्रोता विश्वासाने बुजवीत असतो. हा हात संगीत घडवीत आहे, की चाललेल्या संगीतावर तो नुसता नाचत आहे? सभागृहात बसलेल्या सभ्य श्रोत्याने हा प्रश्न उच्चारावयाचा नसतो. विनोदकार तो उच्चारतो. माझ्या मते या परंपरेतील ज्या कृती खरोखर चांगल्या आहेत, त्या सर्व या फटीतूनच जन्मलेल्या आहेत. आणि ज्या केवळ विस्कटलेले केस, शेपटीचा कोट आणि तिरसट स्वभाव यांवर विसंबतात, त्या एकदा हसवून संपतात.

ही फट इतिहासात तुलनेने अलीकडे पडली. फ्रान्सच्या दरबारातील संगीतकार लुली हा ताल देण्यासाठी जाड काठी जमिनीवर आपटत असे. १६८७ साली ती काठी त्याच्या पायावर बसली आणि चिघळलेल्या जखमेने त्याचा अंत झाला. ही घटना हास्यास्पद वाटावी इतकी करुण आहे. पण त्या काठीचा आवाज होत होता, हे येथे महत्त्वाचे. ठोका ऐकू येत असेल तर हा माणूस काय करतो असा प्रश्न कोणी विचारीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ठोका मूक झाला, छडी हवेत फिरू लागली, आणि व्यंगचित्रकार तिच्या मागोमाग आलेच. ग्रँव्हिल या फ्रेंच चित्रकाराने १८४६ साली बर्लिओझचे जे प्रसिद्ध चित्र काढले, त्यात वाद्यवृंदात चक्क तोफ आहे. लंडनमध्ये लुई झुलियाँ हा संचालक बेथोव्हनची रचना वाजवावयाची असली म्हणजे रत्नजडित छडी आणि पांढरे हातमोजे चांदीच्या तबकातून आणवीत असे. अशा माणसाचे विडंबन करण्यात विनोदकाराला फारसे कष्ट नव्हते; विडंबनाचे बहुतेक काम तो स्वतःच उरकून ठेवी. पुढे १९०१ साली हान्स श्लीसमान याने ‘फ्लीगेंड ब्लेटर’ या जर्मन विनोदी पत्रात मालरच्या अंगविक्षेपांची एक चित्रमालिकाच दिली. कोपर, गुडघा, मूठ, उडालेली कोटाची टोके असे एकेक चित्र म्हणजे निराळा मनुष्यच वाटावा.

परंतु छापील चित्राला आवाज नसतो, आणि येथेच त्याची मर्यादा आहे. बर्गसाँ यांनी हास्यावरील आपल्या १९०० सालच्या निबंधात एक सोपा प्रयोग सुचविला आहे : नृत्य चालू असलेल्या दालनात आपण कान झाकून घेतले तर नर्तक तत्काळ हास्यास्पद दिसू लागतात. श्लीसमानची चित्रे हाच प्रयोग करतात. ती आपले कान झाकतात आणि मग देह दाखवितात. त्यामुळे हालचालीचे वेडेपण दिसते. हालचालीचा नादाशी असलेला संबंध तपासला जात नाही, कारण संबंधाची दुसरी बाजूच चित्रात नसते.

आपल्याकडील मैफलीत अशी विभागणी नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. गवयाचा हात हवेत फिरतो तो त्याच्याच गळ्यातून निघणाऱ्या तानेबरोबर. लय तबल्यावर ऐकू येत असते. म्हणून आपल्याकडे गवयाच्या हातवाऱ्यांची नक्कल होते ती लकबीची नक्कल असते. हे हातवारे गाणे निर्माण करतात की नाही, अशी शंका तिच्यात नसते. वाद्यवृंदसंचालकाचा विनोद आपल्याला परदेशातून आलेल्या कार्टूनपटांतून प्रथम भेटला आणि मूळ पदाची ओळख होण्यापूर्वीच त्याच्या विडंबनाची ओळख झाली. मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. तरीही महाराष्ट्रातील बहुसंख्य प्रेक्षकांनी पाहिलेला पहिला संचालक उंदीर, ससा किंवा मांजर असण्याचा संभव अधिक.

बोलपट आल्यावर व्यंगचित्राला कान मिळाले. याची एक तांत्रिक बाजू अशी आहे की तिच्यावाचून पुढील चर्चा अधुरी राहील. कार्टूनपटात सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात. मिनिटाला १२० ठोक्यांची लय हवी असेल तर दर बाराव्या चित्रावर ठोका येतो. चित्रकार रेघ ओढण्यास बसतो तेव्हा ठोका आधीच कागदावर ठरून गेलेला असतो. १९२८ सालच्या ‘स्टीमबोट विली’च्या वेळी चित्र आणि संगीत यांचा मेळ घालण्यासाठी मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारे यंत्र, वापरण्याची कल्पना डिस्ने यांच्याकडील विल्फ्रेड जॅक्सन यांची. अर्थात कार्टूनमधील संचालक छडी उगारतो तेव्हा त्याच्या हाताने लय ठरत नसते. त्याचा हातच लयीच्या हिशेबाने काढलेला असतो. पडद्यावर तो स्वामी दिसतो आणि चित्रशाळेत तो ठोक्याचा बंदा असतो. प्रत्यक्षातील ती बारीक फट येथे यांत्रिकपणे पूर्ण बुजविली गेली आहे. हालचाल आणि नाद यांचे हे अमानुष तंतोतंतपण हेच कार्टूनमधील विनोदाचे भांडवल.

याच जॅक्सन यांनी १९३५ साली ‘द बँड कॉन्सर्ट’ दिग्दर्शित केला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. रंगीत चित्रांच्या मालिकेतील मिकी माऊसचा हा पहिला कार्टूनपट. मिकी बागेतील मंचावर रोसिनीच्या ‘विलियम टेल’ या ऑपेराचे नांदीवादन घेऊन उभा आहे. अंगातील गणवेष त्याला इतका मोठा की बाही पुनःपुन्हा हातावर उतरते. डोनाल्ड डक खाद्यपेये विकीत येतो, बासरी काढतो आणि ‘टर्की इन द स्ट्रॉ’ ही गावठी अमेरिकन धून वाजवू लागतो. सारा बँड नकळत तिकडे ओढला जातो. मिकी बासरी मोडतो. डोनाल्ड दुसरी काढतो. ती मोडली की तिसरी. येथे संचालकाची सत्ता किती पातळ आहे हे एका क्षणात कळते. वादक त्याचे ऐकतात ते दुसरे काही ऐकू येईपर्यंतच. पण त्याहून मार्मिक भाग पुढे आहे. आइसक्रीमचा थंडगार गोळा मिकीच्या कोटात शिरून पाठीवरून सरकतो, आणि त्याच्या अंगाचे झालेले आळोखेपिळोखे वादक इमानाने वाजवून दाखवितात. हालचाल कोणत्या हेतूने झाली याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. छडीमागे मन असते, हा आपला समज. कार्टून म्हणते, छडीमागे पाठही असू शकते.

नंतर रचनेतील वादळाचा भाग सुरू होतो आणि खरोखरीचे चक्रीवादळ येते. श्रोते पळतात, बाके उडतात, सारा बँड आकाशात गरगरतो. वादन मात्र खंडत नाही. मिकीने वादळ आणले की वादळाने मिकीला उचलले? चित्रपट याचे उत्तर देत नाही व तेच योग्य आहे. कार्टूनच्या जगात संगीतातील वादळ आणि हवेतील वादळ यांमध्ये भेद करण्याचे कारणच उरलेले नाही. सगळे झाडाच्या फांद्यांवर लटकून अखेरचे सूर पुरे करतात तेव्हा टाळी वाजविण्यास उरतो एकटा डोनाल्ड.

‘द बँड कॉन्सर्ट’मध्ये आज्ञा वारंवार तुटते. चक जोन्स यांच्या १९४९ सालच्या ‘लाँग-हेअर्ड हेअर’मध्ये ती तुटत नाही, आणि तेच भयंकर ठरते. जोव्हानी जोन्स नामक ऑपेरागायक बग्ज बनी या सशाची वाद्ये मोडतो. त्याचा सूड ससा हॉलीवुड बोल या खुल्या सभागृहात घेतो. पांढऱ्या केसांचा टोप घालून तो येतो, वादक दबक्या आवाजात ‘लिओपोल्ड’ असे नाव पुटपुटतात, आणि असलेला संचालक निमूटपणे जागा सोडतो. रोख अर्थातच लिओपोल्ड स्टोकोव्हस्की यांच्यावर आहे. छडीवाचून नुसत्या हातांनी संचालन करणे ही त्यांची ख्याती होती. म्हणून ससा पुढे केलेली छडी मोडून टाकतो. त्यानंतर त्याच्या बोटांच्या इशाऱ्यावर गायकाचा आवाज वर-खाली फेकला जातो. शेवटी एका उंच स्वरावर त्याला टांगून ठेवले जाते. ससा हात वर धरतो, मग हात काढून घेतो, आणि हातमोजा तेथेच हवेत राहतो. ससा स्वतःसाठी कानपट्ट्या मागविण्यास निघून गेला तरी गायक रिकाम्या हातमोज्याकडे पाहत, चेहरा लाल-निळा होईपर्यंत, स्वर धरून आहे. अखेर सभागृहाची कमान त्याच्यावर कोसळते.

अनेक अभ्यासक या चित्रपटाकडे अभिजन संस्कृतीवर लोकसंस्कृतीने मिळविलेला विजय म्हणून पाहतात. मला हे मत स्वीकारता येत नाही. लोकसंस्कृतीचा प्रतिनिधी म्हणून ससा बँजो घेऊन आला तेव्हा त्याने मारच खाल्ला. तो जिंकला तो अभिजनांचेच सर्वांत मोठे हत्यार हाती घेऊन. आणि त्या हत्याराची गंमत अशी की त्याला धारण करणारा मनुष्य अनावश्यक आहे. केसांचा टोप पुरतो. पुढे तर हातमोजाही पुरतो. स्टोकोव्हस्की यांची टर येथे निमित्तमात्र आहे. आज्ञापालनाची सवय आज्ञा देणाऱ्यावाचूनही चालू राहते, ही गोष्ट हा सात-आठ मिनिटांचा चित्रपट जितक्या स्वच्छपणे दाखवितो तितकी ती कानेटींच्या ग्रंथातही दिसत नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करतो.

टेक्स एव्हरी यांचा ‘मॅजिकल मेस्ट्रो’ (१९५२) हा याच वंशातला. पूचिनी नावाच्या गायक कुत्र्याने हाकलून दिलेला जादूगार मूळ संचालकाला थिजवितो, त्याचे केस, नाक आणि कोट पळवितो, आणि छडीच्या जागी कांडी घेऊन उभा राहतो. रोसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’मधील प्रसिद्ध पद चालू असताना गायकाचे एकामागून एक रूपांतर होते. छडी आणि कांडी या दोन वस्तू दिसण्यात सारख्या आहेत, या एका निरीक्षणावर संपूर्ण चित्रपट उभा आहे व कल्पना म्हणून ती अस्सल आहे. मात्र त्या रूपांतरांपैकी बरीचशी निरनिराळ्या वंशांच्या लोकांची ओबडधोबड सोंगे आहेत. ती आज पाहवत नाहीत, आणि केवळ नीतीच्या दृष्टीने नव्हे. कल्पनेला पुढे नेण्याचे सुचले नाही की विनोदकार सोंगे काढतो, हा दोष तेथे स्पष्ट दिसतो.

१९५० सालच्या ‘टॉम अँड जेरी इन द हॉलीवुड बोल’विषयी थोडक्यात सांगता येईल. टॉम योहान स्ट्राउसच्या ‘डी फ्लेडरमाउस’चे नांदीवादन घेत असता जेरी त्याच्या शेजारी स्वतःची छडी घेऊन येतो व हाणामारी होते. त्यातील बराच भाग या जोडीच्या नेहमीच्या साच्यातला आहे. परंतु शेवटी जेरी मंच खालून करवतीने कापतो, वादक एकेक करून भोकात नाहीसे होतात, आणि टॉमला धावत-धावत सारी वाद्ये स्वतः वाजवावी लागतात. वादक नसतील तर संचालक म्हणजे काय, हा प्रश्न इतक्या शब्दशः क्वचितच विचारला गेला असेल.

कार्टूनच्या बाहेर आल्यावर सर्वांत विचारपूर्वक केलेली कृती म्हणजे प्रेस्टन स्टर्जेस यांचा ‘अनफेथफुली युअर्स’ हा १९४८ सालचा बोलपट. रेक्स हॅरिसन यांनी यात सर आल्फ्रेड नावाच्या इंग्रज संचालकाची भूमिका केली आहे. आपली तरुण पत्नी आपल्याच चिटणिसाशी संबंध ठेवून आहे, असा संशय त्याला येतो. त्याच रात्री मैफल आहे. कॅमेरा त्याच्या डोळ्यांत शिरतो आणि तीन रचनांच्या वेळी त्याच्या मनात तीन नाटके होतात. रोसिनीच्या ‘सेमिरामिडे’बरोबर तो पत्नीचा खून करून आळ चिटणिसावर घालतो, वाग्नरच्या ‘टानहॉयझर’बरोबर औदार्याने धनादेश लिहून तिला मुक्त करतो, चायकोव्हस्कीच्या ‘फ्रान्चेस्का दा रिमिनी’बरोबर पिस्तुलाचा जीवघेणा जुगार खेळतो व मरतो. तिन्ही नाटकांत त्याच्या हातून एकही चूक होत नाही. प्रत्येक हालचालीला नादाचा आधार आहे. वस्तू जेथे हव्यात तेथे सापडतात. माणसे सांगितले तसे बोलतात.

मग तो घरी जातो आणि पहिली योजना प्रत्यक्षात आणू पाहतो. आता संगीत त्याच्या इशाऱ्यावर नाही. खुर्चीवर चढावे तर खुर्चीची वेताची बैठक फाटते. आवाज मुद्रित करण्याचे घरगुती यंत्र त्याला चालविता येत नाही. दिवे पडतात, टेलिफोनची तार पायांत गुंतते. हा प्रसंग लांबलचक आहे, कित्येकांना तो कंटाळवाणा वाटला, व चित्रपट त्या काळी चाललाही नाही. पण ती लांबी आवश्यक आहे असे माझे मत आहे. शंभर माणसांना बोटावर खेळविणाऱ्या मनुष्याला एक खुर्ची ऐकत नाही, एवढाच विनोद असता तर दोन मिनिटे पुरली असती. स्टर्जेस यांना अधिक काही दाखवावयाचे आहे. सर आल्फ्रेडला आपल्या हातांच्या सामर्थ्यावर जो विश्वास होता तो वस्तुतः वादकांनी त्याला उसना दिलेला होता. आणि यंत्रे व फर्निचर उधारी करीत नाहीत. शिवाय सर आल्फ्रेड दुष्ट नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तालमीच्या प्रसंगात तो झांजवाल्याला लाजू नकोस, जोराने वाजव, असे प्रेमाने सांगतो. हुकूमशहाची टर हीच जर या विनोदाची गुरुकिल्ली असेल, तर या बोलपटाला ती लागत नाही.

उलट जेथे ती तंतोतंत लागते ती कृती पाहावी. फेलिनी यांच्या १९७८ साली पूर्ण झालेल्या ‘प्रोव्हा दॉर्केस्ट्रा’मध्ये वादकांचे बंड होते, भिंत पाडणारा लोखंडी गोळा इमारतीत शिरतो आणि शेवटी अंधारात संचालकाचा जर्मन भाषेतील आरडाओरडा ऐकू येतो. राजकीय रूपक म्हणून त्याची योग्यता मोठी आहे. पण त्या शेवटावर कोणी हसत नाही. फट राहिलेलीच नाही. आवाज आता खुद्द संचालकाच्याच तोंडून येतो आहे.

खऱ्या संचालकांनी आणि खऱ्या वाद्यवृंदांनी या विनोदात भाग घेतला, ही गोष्टही टरीच्या उपपत्तीला अडचणीची आहे. जेरार्ड हॉफनुंग यांनी १९५३ साली ‘द मेस्ट्रो’ हे चित्रांचे छोटे पुस्तक काढले आणि १९५६ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये विनोदी संगीताचा महोत्सवच भरविला. तेथे माल्कम अर्नल्ड यांच्या रचनेत धूळ ओढणारी यंत्रे आणि बंदुका वाजल्या, आणि वाजल्या त्या छडीबरहुकूम. बी.बी.सी.वरील मोरकम आणि वाइज यांच्या १९७१ सालच्या नाताळच्या कार्यक्रमात लंडन सिंफनीचे तत्कालीन संचालक आंद्रे प्रेव्हिन यांनी काम केले. पियानोवर बसलेल्या मोरकमला संचालक दिसत नाही म्हणून प्रेव्हिन यांना इशारा देताना हवेत उडी मारावी लागते. इशारा दिसला नाही तर नाद नाही, एवढ्या साध्या तत्त्वातून ही उडी निघाली आहे. विनोद प्रेव्हिन यांच्या खर्चाने झाला असे म्हणवत नाही. त्यांची उडी ठोक्यावर पडते, आणि तशी उडी संचालकालाच साधणार.

डॅनी के यांचे उदाहरण याहून बोलके आहे. या नटाला स्वरलेखन वाचता येत नसे. तरी वादकांच्या मदतनिधीसाठी त्यांनी अनेक वाद्यवृंदांचे संचालन केले. १९८१ साली न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकसमोर, म्हणजे मेहली मेहता यांचे चिरंजीव झुबिन मेहता जेथे त्या वेळी संगीत-दिग्दर्शक होते त्या वाद्यवृंदासमोर, रिम्स्की-कोर्साकोव्हचे भुंग्याचे उड्डाण त्यांनी माश्या मारण्याच्या जाळीने चालविले. प्रेक्षक जाळीला हसले. पण वादन उत्तम झाले, हे कसे समजून घ्यावयाचे? वादकांना ती रचना पाठ होती, असे एक उत्तर. के यांना लय आणि उठाव यांची पक्की जाण होती, असे दुसरे. ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात, आणि कोणत्या क्षणी कोणते खरे हे श्रोत्यांत बसून सांगता येत नाही. स्वरलेखन उत्तम वाचणाऱ्या संचालकाविषयी तरी ते सांगता येते काय?

चक जोन्स आणि एब लेव्हिटाव यांच्या ‘बॅटन बनी’त (१९५९) बग्ज बनी पुन्हा चौथऱ्यावर आहे. या खेपेस कोणाचा सूड घ्यावयाचा नाही, गायक नाही, शत्रू नाही. झुपे याच्या व्हिएन्नातील सकाळ, दुपार आणि रात्र या नांदीवादनाचे सूर आहेत, सुटणारे बाह्यांचे कफ आहेत आणि एक माशी आहे. माशीला हाकलताना उडालेला हात हा इशारा ठरतो, आणि सारा वृंद त्या दिशेने झेपावतो. वादक जवळजवळ कोठे दिसतच नाहीत. आपल्याला ऐकू येतो तो त्यांचा नाद आणि दिसतो तो एकटा ससा. रचना संपते, तो घामाघूम होऊन वळतो, आणि बाके रिकामी असतात. टाळीचा बारीक आवाज मात्र येतो आहे. ती माशीच टाळ्या वाजवीत असते. ससा क्षणभर तिच्याकडे पाहतो आणि मग रीतसर, कमरेत वाकून, तिला अभिवादन करतो.